मुजुमदार, अमात्य आणि फडणीस

काही वर्षांपूर्वी एम. ए. च्या वर्गात ‘आज्ञापत्र’ शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने मध्येच विचारले, “सर, अमात्य म्हणजे अर्थमंत्रीच ना?” बाजारातल्या मार्गदर्शिकेत तसे छापलेले होते आणि तास संपत आला होता. मी मान डोलावली आणि पुढच्या परिच्छेदाकडे वळलो. उत्तर चुकीचे नव्हते. पण नंतर घरी ते पुस्तक पुन्हा उघडल्यावर लक्षात आले, की ‘अर्थमंत्री’ हा शब्द मनात ठेवून वाचले, तर ‘आज्ञापत्रा’तली एक मोठी अस्वस्थता हातून निसटते. आजच्या अर्थमंत्र्याचे काम मुख्यतः पैसा कोठून आणावा आणि कोठे घालावा हे ठरविण्याचे आहे. सतराव्या शतकातल्या अमात्याला हे ठरविण्याचा अधिकार फारसा नव्हता. त्याचे बळ वेगळ्या ठिकाणी होते. इतरांनी आणलेला आणि खर्चिलेला पैसा कागदावर जुळतो की नाही हे तो पाहत असे, आणि त्याची निशाणी झाल्यावाचून तो कागद पुरा होत नसे. हे बळ त्याच्या हातात कसे आले आणि कोणत्या वाटेने निघून गेले, हे समजून घेतल्याखेरीज ‘आज्ञापत्र’ हा मराठी गद्यातला श्रेष्ठ ग्रंथ केवळ राजनीतीच्या सुभाषितांचा संग्रह होऊन बसतो. आपल्या अभ्यासक्रमांनी त्याचे बहुतेक तेच केले आहे.

सुरुवात शब्दापासून करणे बरे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापूर्वी या पदाचे नाव ‘मुजुमदार’ होते. फारसी राजव्यवहारातून आलेल्या ‘मजमूआदार’ या शब्दाचे हे मराठी रूप. ‘मजमूआ’ म्हणजे एकत्र केलेले, गोळा केलेले. येथे अर्थ गोळा केलेल्या हिशेबांचा. महालामहालांतून आलेले जमाखर्च ज्याच्यापाशी एकवटतात तो मुजुमदार. बंगालमध्ये हाच शब्द ‘मजुमदार’ या आडनावात राहिला. दक्षिणेतल्या शाह्यांमध्ये हे पद रुळलेले होते आणि शहाजीराजांनी पुणे जहागिरीचा कारभार पाहण्यासाठी जी माणसे दिली, त्यांच्या यादीत सभासदाने पेशवे शामराव नीळकंठ यांच्यामागोमाग मुजुमदार बाळकृष्णपंत यांचे नाव नोंदविले आहे. डबीर सोनोपंत आणि सबनीस रघुनाथ बल्लाळ ही त्यापुढची नावे. म्हणजे जहागिरीला अजून राज्याचे रूप आले नव्हते, तेव्हाही हिशेब तपासणारा माणूस तिच्यात होता.

पुढे राज्य वाढले तशी ही व्यवस्था खालपर्यंत झिरपली. हजारी सरदाराच्या दिमतीला मुजुमदार आणि जमेनीस दिलेले असत. गडावर हवालदाराकडे किल्ल्या, सबनिसाकडे लिहिणे, कारखानिसाकडे कोठी आणि सामान, अशी वाटणी होती. ज्याच्या हाती वस्तू आहे त्याच्या हाती तिची नोंद नाही, हे या रचनेचे सूत्र होय. मोहिमेवरून परत आलेल्या शिपायाने मिळालेली लूट सरकारात दाखवावी, तिची किंमत व्हावी, ती त्याच्या येण्याशी वजावाट पडावी, हाही याच सूत्राचा भाग. आपल्या मनातल्या सुरतेच्या चित्रात घोडे आहेत, तलवारी आहेत, सोन्यामोत्यांच्या गोणी आहेत. त्या गोणी मोजून लिहून घेणारा कारकून त्या चित्रात नसतो. वस्तुतः लूट ही राज्याची जमा ठरते ती त्या कारकुनाच्या दौतीपाशी. एरवी ती नुसती लूटच.

या लिहिण्याचा मराठी गद्यावर काय परिणाम झाला, याचा विचार आपल्याकडे पुरेसा झालेला नाही असे मला वाटते. कृष्णाजी अनंत सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस लिहिली गेली. काळ साधारण १६९७. तीत अफझलखानाचा प्रसंग आहे, आग्र्याहून सुटका आहे, राज्याभिषेक आहे. आणि महाराजांच्या निधनापाशी येताच सभासद थांबून चक्क यादी देऊ लागतो. खजिन्यात नाणी कोणकोणती आणि किती, जवाहीर काय, कापड, धान्य, मसाल्याचे जिन्नस, पागेतले घोडे, हत्ती, किल्ल्यांची नावे. शिकवताना आपण ही पाने बहुधा ओलांडतो. विद्यार्थी कंटाळतात, हे खरेच आहे. पण ती लिहिली जात होती तेव्हाची स्थिती मनात आणावी. १६८९ मध्ये रायगड मोगलांनी घेतला होता, राजा कर्नाटकातल्या एका गडात वेढलेला होता, ज्या खजिन्याची यादी चालली आहे तो केव्हाच परागंदा झाला होता. अशा वेळी एक जुना दरबारी माणूस मृत राजाचे मोठेपण सांगण्यासाठी विशेषणे शोधत नाही, तो ताळेबंद काढतो. या यादीचे आकडे इतिहासकारांनी तपासावेत, ते त्यांचे काम. वाचक म्हणून मला त्या पानांमध्ये शोकाचा एक अतिशय संयत प्रकार दिसतो.

आता राज्याभिषेकाकडे. ६ जून १६७४ रोजी रायगडावर मुजुमदाराचा अमात्य झाला. पद नारो नीळकंठ आणि रामचंद्र नीळकंठ या दोघा भावांच्या नावे होते. त्यांचे वडील निळो सोनदेव हे आधीचे मुजुमदार. त्यांचे निधन १६७२ मध्ये झालेले. अभिषेकाच्या वेळी पश्चिमेस दह्याने भरलेला तांब्याचा कलश घेऊन अमात्य उभे होते, असे वर्णन मिळते. पेशव्याच्या हातात सोन्याचा कलश, सेनापतीच्या हातात रुप्याचा, हिशेबनिसाच्या हातात तांब्याचा. यात कोणी अर्थ शोधू नये, ते विधीचे धातू आहेत. पण गंमत वाटते खरी.

पेशव्याचा मुख्य प्रधान, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, अशी ही संस्कृत नावे नेमकी कोठून आली? ‘शुक्रनीती’शी त्यांचे नाते लावण्याचा प्रघात आहे. त्या ग्रंथाच्या काळाविषयी मोठा वाद आहे, तो बाजूला ठेवू. नुसती तुलना केली तरी एक विसंगती डोळ्यांत भरते. ‘शुक्रनीती’त आय-व्यय जाणणारा तो सुमंत्र, अमात्य म्हणजे देश, काल, गावे, शेते, अरण्ये यांची माहिती असणारा. रायगडावर सुमंताकडे परराज्यांचा व्यवहार आला आणि जमाखर्च अमात्याकडे. कौटिल्याकडे गेले तर गोंधळ आणखी वाढतो. तेथे वसूल गोळा करणारा समाहर्ता आणि कोश सांभाळणारा संनिधाता असे दोन अधिकारी आहेत, आणि ‘अमात्य’ हा शब्द उच्च अधिकाऱ्यांच्या एका सबंध वर्गासाठी येतो. थोडक्यात, नावे संस्कृत ग्रंथांतली, कामे दक्षिणेतल्या दफ्तरांतली. ज्यांना या नामांतरात प्राचीन राज्यव्यवस्थेचे पुनरुज्जीवन दिसते, त्यांनी आणि ज्यांना ते निव्वळ रंगरंगोटी वाटते त्यांनीही हा तपशील पाहावा. नाव बदलल्याने अमात्याचे काम बदलले नाही. पण ज्या राज्याचा हिशेब तो ठेवीत होता, ते राज्य आता कोणा सुलतानाच्या व्यवहाराची फांदी उरले नाही. हा बदल कागदावरचा होता, आणि कागदावरचे बदल किती खरे असतात हे हिशेबनिसाइतके कोणाला ठाऊक असणार?

याच सुमारास ‘राजव्यवहारकोश’ तयार झाला. रघुनाथपंत हणमंते यांच्या नावाशी तो जोडला जातो. प्रत्यक्ष रचना धुंडिराज व्यासांची मानणारेही आहेत. फारसी-दखनी अशा सुमारे १३८० शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. त्याच्या दहा वर्गांत दुर्गवर्ग, शस्त्रवर्ग, पण्यवर्ग यांच्यासोबत एक ‘लेखनवर्ग’ आहे. एका नव्या राज्याने शब्दांची यादी करताना लिहिण्याच्या कामाला दुर्गांच्या आणि शस्त्रांच्या पंक्तीस बसविले. कोशातले किती शब्द रुळले, हा प्रश्न अर्थातच वेगळा. ‘जमा’, ‘खर्च’, ‘बाकी’, ‘रक्कम’, ‘वसूल’, ‘हिशेब’ यांतला एकही शब्द मराठी माणसाने सोडला नाही. पैशाच्या बाबतीत भाषा राजाज्ञेचे ऐकत नाही, असा याचा अर्थ घ्यायला हरकत नाही.

राज्याभिषेकानंतरच्या कानूजाबत्यात अमात्याचे कर्तव्य असे सांगितले आहे: साऱ्या राज्याचा जमाखर्च त्याने चौकशीने पाहावा, दफ्तरदार आणि फडणीस त्याच्या हाताखाली असावेत, पत्रांवर त्याने निशाणी करावी, प्रसंग पडल्यास युद्धासही जावे. फडणीस हा येथे हाताखालचा माणूस आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे ते उपयोगी पडेल. पगार रोख होता. न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेल्या आकड्यांनुसार पेशव्यास वर्षाला १५ हजार होन आणि अमात्यास १२ हजार. अधिकाऱ्यांना जमिनी तोडून न देता रोख द्यावे आणि पद वंशपरंपरा चालवू नये, हे शिवाजी महाराजांच्या कारभाराचे तत्त्व म्हणून रानडे, सुरेन्द्रनाथ सेन आणि इतर अनेकांनी सांगितले आहे. तत्त्व म्हणून ते बरोबर आहे. मात्र निळोपंतांच्या मागे त्यांचेच मुलगे त्या पदावर आले, ही गोष्ट त्याच्याशेजारी ठेवायला हवी. तत्त्वाला पहिली चीर कोठे गेली, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

खरी कसोटी १६८९ नंतर आली. संभाजी महाराजांची हत्या झाली, राजाराम महाराज जिंजीस गेले आणि महाराष्ट्रातला कारभार रामचंद्रपंतांवर सोपविला गेला. त्यांना ‘हुकमतपनाह’ हा किताब मिळाला. शंकराजी नारायण, संताजी घोरपडे, धनाजी जाधव या साऱ्यांना धरून विशाळगड-पन्हाळ्याच्या आसऱ्याने पंतांनी औरंगजेबासारख्या बादशहापुढे राज्य टिकवून धरले. ही कथा पुष्कळ वेळा सांगितली गेली आहे. हिशेबाच्या बाजूने मात्र ती क्वचितच सांगितली जाते. फौजा होत्या, सरदार होते, खजिना नव्हता. मग सरदारांना द्यायचे काय? कागद द्यायचा. १६९१ मध्ये हणमंतराव घोरपडे यांना सहा लाख होनांचा सरंजाम कबूल करणारी एक सनद प्रसिद्ध आहे. त्यातले हप्ते एकेक मुलूख घेतल्यावर मिळायचे होते: रायगडाकडचा प्रदेश, विजापूर, भागानगर, औरंगाबाद आणि अखेर दिल्ली! जिंजीच्या वेढ्यात सापडलेला राजा दिल्ली जिंकल्यानंतरच्या रकमेची नेमणूक करीत आहे. इतिहासकार या सनदेकडे स्वराज्याच्या आकांक्षेचा दाखला म्हणून पाहतात आणि ते योग्यच आहे. जमाखर्चाच्या नजरेने पाहिले तर ती अशी जमा आहे जी अजून कोणाच्याच ताब्यात नाही, आणि तिच्यावर खर्च मात्र पडलेला आहे.

या काळात वतने आणि सरंजाम यांचे पाट सुटले. मोगलही वतने देत होते, म्हणून छत्रपतींनाही द्यावी लागली. न दिली तर माणूस पलीकडे जात असे. रामचंद्रपंतांना या व्यवहाराची किंमत ठाऊक नसेल हे संभवत नाही. महाराजांच्या रोख पगाराच्या व्यवस्थेत त्यांचे शिक्षण झाले होते, आणि त्याच व्यवस्थेच्या विरुद्ध जाणारे व्यवहार त्यांना आपल्या कारकिर्दीत चालवावे लागले.

‘आज्ञापत्र’ १७१५ चे आहे. कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींच्या नावाने निघालेली ती आज्ञा. लिहिणारे रामचंद्रपंत, असे परंपरा मानते. त्याविषयी शंका घेणारेही आहेत, पण तिच्यातला अनुभव हिशेबाच्या गादीवर बसलेल्या माणसाचा आहे, याविषयी मला तरी शंका येत नाही. साहुकारांचे प्रकरण पाहा. राज्यात नसलेल्या वस्तू ज्यांच्यामुळे येतात आणि संकटात ज्यांच्याकडून कर्ज उभे राहते, त्यांना पेठांत बोलावून वसवावे, त्यांचा मान ठेवावा. लगेच पुढे टोपीकरांविषयी सावध सूचना: हे इतर व्यापाऱ्यांसारखे व्यापारी नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, समुद्रकाठी यांना जागा देऊ नये. आरमाराच्या प्रकरणात जहाजांसाठी लाकूड हवे म्हणून रयतेची आंब्या-फणसाची झाडे तोडू नयेत हा भाग सर्वांना पाठ असतो, शालेय पुस्तकांनी तो पोहोचविला आहे. त्याच प्रकरणातली दुसरी एक सूचना मला अधिक मोलाची वाटते. आरमाराचा खर्च बंदरांच्या उत्पन्नावर टाकू नये, त्यासाठी वेगळा मुलूख नेमून द्यावा, असे तेथे सांगितले आहे. कारण आरमारवाल्यांचे पोट बंदरावर बांधले, की ते व्यापाऱ्यांना पिळणार, व्यापारी बंदर सोडणार आणि उत्पन्नही जाणार. कोणता खर्च कोणत्या जमेशी बांधावा आणि कोणत्या जमेशी बांधू नये, हा विचार येथे केवढ्या नेमकेपणाने मांडलेला आहे!

आणि मग वतनदारांचे प्रकरण येते. त्यातला सूर बदलतो. वतनदार हे म्हणायला चाकर, प्रत्यक्षात लहान लहान राजेच आहेत, त्यांना मोकळे सोडू नये, समूळ तोडूही नये, दया आणि दंड यांच्या मध्ये ठेवावे, असे ते सांगते. चाकरीबद्दल जमीन तोडून देण्यास विरोध आहे, कारण अशा प्रत्येक दानाने राज्य तेवढे कमी होते. वजाबाकीचा हा साधा सिद्धांत पंचवीस वर्षे उलटा चालविलेला माणूस आता तो लिहीत आहे, हे ध्यानात आले की या पानांना उपदेशाचा कोरडेपणा राहत नाही. मी ती कबुलीजबाबासारखी वाचतो. कोणी म्हणेल, राजाच्या आज्ञेत लेखकाचा कबुलीजबाब शोधणे हा टीकाकाराचा अतिरेक आहे. असेल. पण दुसरा कोणता लेखक ही वजाबाकी अशी आतून जाणत होता?

रामचंद्रपंत १७१६ मध्ये वारले. अमात्यपद त्यांच्या घराण्यातच राहिले. गगनबावडा ही कोल्हापूर राज्यातली त्यांची जहागीर झाली आणि पंत अमात्य बावडेकर हे नाव १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत जहागिरीचे नाव म्हणून चालले. ज्या पदाने साऱ्या राज्याचा हिशेब तपासायचा, ते स्वतःच हिशेबातली एक कायमची खर्चाची बाब होऊन बसले. यात बावडेकरांना वेगळा दोष देण्याचे कारण नाही. प्रतिनिधी, सचिव, पेशवे सर्वांचे तेच झाले.

साताऱ्याकडे काय घडत होते? १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आल्या. त्या उत्पन्नाची वाटणी बाळाजी विश्वनाथांनी बसविली. बाळाजी विश्वनाथ हेही मुळात धनाजी जाधवांच्या पदरी वसुलाच्या कामावर असलेले कारकून, हे विसरू नये. वाटणी अशी: चौथाईचे शंभर रुपये आले, तर पंचवीस ‘बाबती’ म्हणून छत्रपतींचे, सहा ‘सहोत्रा’ म्हणून पंत सचिवांचे, तीन ‘नाडगौंडा’ म्हणून छत्रपतींच्या मर्जीने द्यायचे, उरलेले सहासष्ट ‘ऐन मोकासा’ म्हणून सरदारांचे. सरदेशमुखीचे दहा टक्के वेगळेच. ते छत्रपतींचे वतन मानले गेले. म्हणजे राज्याचा धनीच आता एका अर्थाने वतनदार झाला. त्यातही एकाच महालात अनेकांचे हिस्से, आणि एकेका सरदाराचे हिस्से दूरदूरच्या महालांत विखुरलेले. ग्रँट डफने या गुंतागुंतीविषयी लिहिताना ब्राह्मण हिशेबनिसांचे वजन तिच्यामुळे वाढले असे म्हटले आहे. त्याच्या इतर अनेक मतांशी भांडण काढता येते, याच्याशी काढणे अवघड आहे. ज्या पद्धतीत आपला वाटा किती हे तलवारबहाद्दराला स्वतः वाचता येत नाही, त्या पद्धतीत खरी सत्ता वाचणाऱ्याकडे जाते.

आणि ती गेली अमात्याच्या हाताखालच्या फडणिसाकडे. ‘फडणीस’ हा शब्द ‘फर्द’ म्हणजे कागदाचा बंद यावरून आला की ‘फड’ म्हणजे कचेरी यावरून, याविषयी मतभेद आहेत. ‘नीस’ म्हणजे लिहिणारा, याविषयी नाहीत. वेळासचे भानू कोकणातून बाळाजी विश्वनाथांबरोबर वर आले आणि पेशव्यांचे फडणीस झाले. १७१९ मध्ये दिल्लीच्या दंग्यात बाळाजी महादेव भानू मारले गेले. नाना फडणीस हे त्यांचे नातू. पुण्याच्या हुजूर दफ्तरात ‘चालते दफ्तर’ आणि ‘एकबेरीज दफ्तर’ असे दोन मुख्य भाग होते. चालत्या दफ्तरात फड, बेहेडा, सरंजाम अशा शाखा होत्या. रोजकीर्द रोज लिहिली जाई. महालांचे आजमास येत, वर्षअखेरीस झडत्या येत, त्यांवरून तेरजा आणि ताळेबंद होत. हा सगळा पसारा ज्याच्या नजरेखालून जातो, त्याला सरदाराची आणि मामलेदाराची खरी कुवत कळते. कर्जाखाली दबलेल्या बाजीरावांनी ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिलेली पत्रे प्रसिद्धच आहेत, आणि थोरल्या माधवरावांनी मृत्युशय्येवर करविलेल्या नऊ कलमी यादीत कर्जफेडीची काळजी आहे. पेशव्यांच्या पराक्रमामागे सावकारांची रांग सतत उभी होती. अशा राज्यात मालकाला आपली स्थिती काय हे फडणिसाकडूनच कळायचे.

नानांविषयी इतके लिहिले गेले आहे, की येथे दोनच गोष्टी सांगतो. पहिली वाङ्मयीन. त्यांनी लिहिलेले छोटेखानी आत्मवृत्त पानिपताहून परतण्यापर्यंत येऊन थांबते. त्यात आई आहे, जी त्या रणातून परत आली नाही. तरुण मनातल्या वासनांची विलक्षण मोकळी कबुली आहे. पळणाऱ्या माणसाची धाप आहे. पुढची चाळीस वर्षे ज्याच्या नजरेखाली राज्याचे सारे कागद होते, त्याने स्वतःविषयी पुन्हा तसे लिहिले नाही. दुसरी गोष्ट कमी सुखाची. राज्याचा हिशेब पाहणाऱ्या या माणसापाशी अफाट खासगी संपत्ती साठली, आणि सवाई माधवरावांच्या मृत्यूनंतर १७९५-९६ च्या गादीच्या भांडणात ती त्याने शस्त्रासारखी वापरली. १७९७ च्या अखेरीस शिंद्यांनी त्याला कैद केले, त्यामागेही त्या संपत्तीचे आकर्षण होतेच. राज्याचा पैसा आणि फडणिसाचा पैसा यांच्यामधली रेघ कोण तपासणार? ते काम ज्या पदाचे होते, ते पद बावड्याच्या आणि साताऱ्याच्या मानमरातबात बंद झालेले.

येथे आणखी एक प्रश्न टाळता येत नाही. हे सारे लिहिणे मोडीत होते आणि लिहिणारे मोजक्या जातींचे होते. वर महालाचा मुजुमदार, खाली गावचा कुलकर्णी. ज्याच्या शेताचा आकार लिहिला जातो, त्याला तो वाचता येत नाही. राजे बदलले, इंग्रज आले, तरी हे नाते फारसे बदलले नाही. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये कुळकर्ण्यांच्या आणि कचेऱ्यांतल्या कामगारांच्या कलमाविषयी जो संताप व्यक्त केला आहे, तो या दृष्टीने वाचायला हवा. हिशेबनिसाने राज्याला आवर घातला, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण हिशेबनिसाला आवर घालणारा वाचक खाली कोठेच नव्हता. ‘आज्ञापत्रा’ला रयतेची आंब्या-फणसाची झाडे दिसतात; त्या रयतेला अक्षर यावे, हे त्यालाही सुचले नाही.

दुसऱ्या बाजीरावाच्या अमलात महाल मक्त्याने देण्याचा सपाटा सुरू झाला. जो जास्त बोली बोलेल त्याला मामलत. मक्तेदाराला आपला नफा काढायचा असतो, त्याच्याकडे झडती कोण मागणार? दफ्तरही हेळसांडीत पडले. १८१८ मध्ये राज्य गेले, आणि एल्फिन्स्टनच्या माणसांच्या हाती हजारो रुमालांत बांधलेले कागद आले.

पुढे इंग्रज सरकारने इनामांची चौकशी आरंभिली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला रीतसर अधिकार मिळाले. कोणाचे इनाम खरे, कोणाचे अर्ध्या सनदेचे, कोणाचे निव्वळ वहिवाटीचे, हे ठरवायचे होते. पुरावा कोणता? पेशव्यांचे दफ्तर. सनद पुढे करणाऱ्या इनामदाराचे नाव रोजकीर्दीत आहे की नाही, त्या वर्षीच्या ताळेबंदात ती रक्कम वजा पडली आहे की नाही, हे मोडी वाचणारे कारकून रुमाल सोडून पाहू लागले. या कमिशनच्या कामात गोपाळराव हरी देशमुखही होते. ‘शतपत्रे’ लिहिणारे लोकहितवादी ते हेच. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेली जमीन एका न सापडलेल्या नोंदीमुळे खालसा होऊ लागली, आणि दक्षिण महाराष्ट्रातला १८५७-५८ चा असंतोष पुष्कळ अंशी या चौकशीने पेटला. राज्य नव्हते, अमात्य नव्हता, फडणीस नव्हता. त्यांच्या कारकुनांनी लिहिलेली ओळ मात्र आता तिसऱ्याच मालकासाठी साक्ष देत होती, आणि ती ज्यांच्याविरुद्ध जात होती त्यांतल्या बऱ्याच जणांचे पूर्वज कधी काळी त्याच दफ्तरात बसलेले होते.